वाशिष्ठीकाठच्या घरात पहिला पावसाळा: वाळवी, झुरळं, उंदीर आणि डासांचा बंदोबस्त

चिपळुणात नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात साधारण ठरलेल्या क्रमाने हैराण होतो. जूनच्या तोंडाला दिव्याभोवती पंखवाली वाळवी, मग न्हाणीघरात गोम आणि वाणी, जुलैत तांदळाला सोंडे आणि कपाटाला बुरशी, ऑगस्टात माळ्यावर उंदरांची पळापळ, आणि पावसाने उघडीप दिली की डास. दर वेळी दुकानातून एक नवा स्प्रे येतो, दोन दिवस घरभर वास राहतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्प्रेमध्ये औषध नसतं असं नाही. तो चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या जागी मारला जातो, एवढंच.

इथली ओल वेगळी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, म्हणून ही नदी ऐन मे महिन्यातही आटत नाही आणि काठालगतची जमीन पूर्ण सुकत नाही. जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्याची, आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे जोत्यातली ओल भिंतीत वर चढते. अशा घरात पावसाळ्यात कोरडी पावडर टाकली तर तिचे खडे होतात, ओल्या भिंतीवर फवारलेलं औषध टिकत नाही, आणि पाण्याने तुडुंब भरलेल्या जमिनीत वाळवीचं औषध मुरतच नाही.

म्हणून कामांची वाटणी ऋतूवर करायची. भोकं पाडणं, फवारणी, गिलावा, लाकडाला लेप ही कामं मार्च ते मे या काळात, आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या आधी उरकायची. राहिलंच तर दिवाळीनंतर. मधल्या चार महिन्यांत फक्त आमिष, सापळे, फटी बुजवणं आणि साचलेलं पाणी काढणं. पावसाळ्यात कोणी जमिनीत औषध सोडायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

घर घेण्याआधी अर्धा तास

भाड्याचं असो वा विकतचं, एक टॉर्च आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. पहिला प्रश्न पुराचा: २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी कुठवर आलं होतं? बाजारपेठ, चिंचनाका, मुरादपूर, पेठमाप या सखल भागांत तळमजल्याच्या घराला हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि घरमालकापेक्षा शेजाऱ्याला विचारलेला बरा. पुराचं पाणी आत गेलेल्या घरात चौकटी, भिंतीतले पाइप आणि फरशीखालचा भराव यांत ओल वर्षानुवर्षं राहते. वाळवी तिथूनच येते.

मग चौकटींचे पाय बघा. दाराची चौकट फरशीला टेकते तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर टोक दाबून पाहा. मीटरचा बोर्ड, भिंतीतली कपाटं, देव्हाऱ्यामागची भिंत, टांगलेल्या तसबिरींच्या मागची बाजू आणि माळ्यावरचे वासे यांवर टॉर्च फिरवा. तीन खुणा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत:

मातीची बोटभर रुंद नळी भिंतीवरून वर गेली असेल तर ती जमिनीतली वाळवी. लाकडाखाली मैद्यासारखी बारीक भुकटी आणि लाकडात टाचणीने पाडल्यासारखी गोल छिद्रं असतील तर तो भुंगेरा. भुकटीऐवजी खसखशीएवढे टणक, सहा पैलूंचे दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी, जिला जमिनीची गरज नसते. तिघांचे उपाय वेगळे आहेत. भुंगेऱ्यासाठी जमिनीत औषध ओतणं हा पैशांचा चुराडा आहे, आणि ते इथे सर्रास होतं.

शेवटी बाहेर या. पागोळीचं पाणी जोत्याच्या अगदी पायाशी पडतं का? भिंतीला टेकून लाकडं, नारळाची सोडणं, जुनी कौलं रचली आहेत का? परसात विहीर किती जवळ आहे? या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

वाळवी

पहिल्या एक-दोन पावसांत संध्याकाळी पंखवाली वाळवी बाहेर पडते. ती उघड्या खिडकीतून दिव्याकडे आली असेल तर दिवे मालवा, खिडक्या लावा, सकाळी झाडून टाका. घराला वाळवी लागली असा त्याचा अर्थ नाही. पण ती चौकटीच्या फटीतून, फरशीच्या सांध्यातून किंवा भिंतीतून निघत असेल, तर वारूळ घराच्या खाली किंवा आत आहे. पंखवाल्या मुंग्यांशी गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगाहून मोठे असतात, कंबर बारीक नसते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक.

मातीची नळी दिसली की लोक ती खरवडून त्यावर रॉकेल ओततात. नळीतली वाळवी मरते, जमिनीतली दुसऱ्या वाटेने वर येते, आणि आधी कुठून येत होती हे सांगणारी खूण तुम्ही स्वतःच पुसलेली असते. त्यापेक्षा नळीला मध्येच दोन बोटं रुंद खिंड पाडा आणि एक-दोन दिवसांनी बघा. खिंड ओल्या मातीने बुजवलेली असेल तर वाळवी चालू आहे. कोरडी, तशीच असेल तर कदाचित वाट जुनी आहे. आठवड्याने पुन्हा बघा. फोटो काढून ठेवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवायला उपयोगी पडतो.

औषधाचं काम पुढीलप्रमाणे होतं. ते तुम्ही स्वतः करायचं नाही. परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्यायचं. पण आकडे तुम्हाला ठाऊक हवेत, कारण लबाडी आकड्यांतच होते.

१. आधी ओल तोडायची. गळका पाइप, न्हाणीघराच्या फरशीचे उघडे सांधे, जोत्याशी पडणारी पागोळी यांचा बंदोबस्त करा. पन्हळ लावून पाणी लांब सोडा. भिंतीला टेकलेलं लाकूडफाटं हलवा आणि विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचा.

२. घराच्या आतून, भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर १२ मिलिमीटर व्यासाची भोकं, एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर. वायरिंगचे आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत हे आधी ठरवून घ्या आणि ड्रिल चालू असताना त्या भागाची वीज बंद ठेवा.

३. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी, जमीन घेईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे औषध असेल तर एका लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी असेल तर एका लिटरला ५० मिलिलिटर. त्याला उग्र वास येतो, ते माशांना अतिशय घातक आहे, आणि माणसं राहत असलेल्या घरात आम्ही ते सुचवत नाही.

४. चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडायचं ते दर्जेत, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात, चिऱ्यात नाही. तेही खाली ४५ अंशांत तिरपं. जुन्या घरांत चिरे मातीत बसवलेले असतात आणि वाळवी त्या मातीतूनच चालते. चिऱ्यातून औषध भलतीकडेच बाहेर येतं, म्हणून एकदम लिटर ओतायचं नाही. पावशेर-पावशेर सोडायचं आणि पलीकडच्या बाजूला माणूस उभा करायचा.

५. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायची. तीन-चार तास खिडक्या उघड्या, फरशी पुसेपर्यंत मुलं आणि मांजर बाहेर.

आता हिशेब करा. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीचा घेर १४ मीटर. दार सोडून साधारण ४५ भोकं. म्हणजे ४० ते ४५ लिटर पाणी आणि त्यात ८५ ते ९५ मिलिलिटर इमिडाक्लोप्रिड, एका खोलीला. माणूस दहा लिटरचा एकच पंप घेऊन आला आणि तासाभरात सगळं घर उरकून निघाला, तर त्याने काय केलं असेल ते समजून घ्या. बाटली सीलबंद आणून तुमच्यासमोर फोडायला सांगा, नाव, टक्केवारी आणि मुदतीची तारीख वाचा, रिकामी बाटली त्यालाच न्यायला सांगा.

इमिडाक्लोप्रिडचा वाळवीला वास येत नाही. ती त्यातून चालत जाते आणि सोबतिणींनाही लावते. परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. या काळात चौकटीवर झुरळांचा स्प्रे मारू नका. त्या वासाने वाळवी वाट बदलते आणि केलेलं काम फुकट जातं. पंधरा दिवसांनी आणि महिन्याने नळ्या पुन्हा तपासा.

विहिरीच्या बाजूला जमिनीत औषध सोडायचंच नाही. जांभ्याच्या भेगांतून ते कुठे झिरपेल याचा नेम नाही. त्या बाजूला लाकूड काढून टाकणं, जोत्याला सिमेंटचा उतार देणं आणि दर महिन्याला नळ्या तपासणं एवढ्यावर भागवा. परसात मधमाश्यांच्या पेट्या असतील तर आधीच सांगा, इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना घातक आहे.

भुंगेऱ्याला एवढा खटाटोप नाही. तो सागाच्या पक्क्या गाभ्याला सहसा जात नाही. बांबू, आंबा, हलका प्लायवूड आणि सालीजवळचं कच्चं लाकूड त्याला आवडतं. वस्तू लहान असेल तर मे महिन्याच्या उन्हात चार दिवस टाका. नंतर पॉलिश नसलेल्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण दोन हात लावा, पूर्ण सुकू द्या, मग तेल किंवा पॉलिश. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून पावसाची झड लागणाऱ्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही.

झुरळं: आधी जात ओळखा

रात्री अकराच्या पुढे स्वयंपाकघरात अंधार करून पंधरा मिनिटं थांबा, मग एकदम टॉर्च लावा. फिकट तपकिरी, बोटाच्या पेराहून लहान, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा: ही आतली झुरळं. ती खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून, किराण्याच्या पुठ्ठ्यातून येतात आणि घरातच वाढतात. मोठी, लालसर, कधी उडणारी: ही गटारातली. पावसाने चेंबर भरले की ती मोरीच्या जाळीतून वर येतात.

लहान झुरळांना जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल सिरिंजमध्ये मिळतं. १० ग्रॅमची एक सिरिंज एका स्वयंपाकघराला दोन फेऱ्यांना पुरते. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके द्यायचे, मोठे गोळे नाहीत. जागा: ओट्याखालच्या कप्प्यांच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या कॉम्प्रेसरभोवती, मिक्सरच्या बुडाखाली, सिंकच्या पाइपाला भिंतीत जाण्याचं भोक, गॅसच्या नळीमागे. सरासरी स्वयंपाकघराला २५ ते ३० ठिपके. उघड्या ओट्यावर किंवा शेगडीजवळ लावू नका. उष्णतेने जेल कडक होतं आणि झुरळ त्याला तोंड लावत नाही.

पावसाळ्यातली खास अडचण म्हणजे भिंत घामेजते आणि जेल ओघळतं, नाहीतर त्यावर बुरशी धरते. म्हणून ठिपका थेट भिंतीवर न देता चिकटपट्टीच्या तुकड्यावर द्या आणि पट्टी आतल्या बाजूला चिकटवा. बुरशी दिसली की पट्टीच बदलायची.

जेल लावलं की त्या जागी स्प्रे, फिनेल, लक्ष्मणरेषेचा खडू यांपैकी काहीही नाही. जेल लावूनही झुरळं हटत नसतील तर दहांपैकी नऊ घरांत कोणीतरी हौसेने वरून स्प्रे मारलेला असतो. मादी अंड्यांची कुपी शेवटपर्यंत अंगाशी बाळगते आणि एका कुपीत तीस-चाळीस पिल्लं असतात, त्यामुळे एका फेरीने काम संपत नाही. पंधरा दिवसांनी दुसरी, आणखी महिन्याने तिसरी फेरी. आणि रात्री सिंक कोरडं: ओलं फडकं, खरकटी भांडी, पाणी साचलेली साबणाची वडी. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्याविना फार काळ नाही.

बोरिक ॲसिड, कणीक आणि साखर समभाग घेऊन दुधात मळलेल्या गोळ्या जुन्या घरांत करतात. उन्हाळ्यात त्या चांगल्या चालतात. जुलैत चार दिवसांत बुरसतात. करायच्याच असतील तर सुपारीएवढ्या नकोत, वाटाण्याएवढ्या करा, फ्रिजमागे आणि कपाटाखाली ठेवा, आणि रांगणारं मूल घरात असेल तर करूच नका.

गटारातल्या मोठ्या झुरळांना जेलपेक्षा जाळी महत्त्वाची. मोरीच्या तोंडावर बारीक भोकांची स्टीलची जाळी, चेंबरच्या झाकणाच्या कडेने सिमेंट किंवा ग्रीस. क्वचित वापरात असलेल्या न्हाणीघरात ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखालच्या वाकड्या पाइपातलं, पाणी उडून जातं आणि गटाराची वाट मोकळी होते. आठवड्याला तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल ओतलं की तेल पाणी उडू देत नाही. मोरीतून उडणाऱ्या केसाळ बारीक माश्यांचं मूळही तिथेच असतं: पाइपाच्या आतल्या चिकट थरात. त्यांना फिनेल लागत नाही, लांब दांड्याचा ब्रश लागतो.

गोम, वाणी, गोगलगाय या पहिल्या पावसाच्या पाहुण्यांना औषध मारण्यात अर्थ नाही. जमिनीत पाणी भरलं म्हणून ती वर आलेली असतात. दाराखाली रबरी पट्टी लावा, मोरीला जाळी, बाकीची सुपलीत घेऊन बाहेर. चुन्याची रेघ पहिल्या सरीतच वाहून जाते. गोमेचा दंश मात्र दुखतो, तेव्हा अंथरूण झटकून घ्या आणि बूट पालथे करून घाला.

मुंग्या

साखरेच्या डब्यापाशी मुंग्या मारत बसू नका. रांग कुठून निघते ते बघा. कपभर कोमट पाण्यात आठ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा बोरिक ॲसिड विरघळवा, कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि रांगेच्या बाजूला, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतील. तसंच व्हायला हवं, त्या ते वारुळात नेतात. बोरिक जास्त टाकलं तर मुंग्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काही पोचत नाही, म्हणून प्रमाण वाढवू नका. बोळा तीन दिवसांनी बदला. तेलकट खाणाऱ्या मुंग्या साखरेला आल्या नाहीत तर तेच बोरिक थोड्या शेंगदाण्याच्या कुटात मिसळा.

उंदीर आणि घूस

इथे उंदीर हा नुसता नासाडीचा प्रश्न नाही, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा आहे. उंदराच्या मुतातले जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून अंगात शिरतात. पावसाळ्यात चिखलात फिरल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा. पूर ओसरल्यावर आरोग्य विभाग डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतो. त्या कोणी घ्यायच्या आणि कोणी नाही, हे त्यांनाच विचारा. गरोदर बाया आणि लहान मुलं यांना स्वतःच्या मनाने देऊ नका.

घरात तीन प्राणी येतात. माळ्यावर आणि कौलांखाली पळणारा शेपटाळ उंदीर, जोत्याखाली बीळ खणून मातीचे ढीग बाहेर काढणारी घूस, आणि भिंतीच्या कडेने चुकचुकत जाणारी लांब तोंडाची चिचुंद्री. चिचुंद्री झुरळं आणि किडे खाते. वास सोडला तर तिचा त्रास नाही, तिला राहू द्या.

वाटा बुजवणं हे निम्म्याहून अधिक काम आहे. करंगळी जाईल अशा भोकातून उंदराचं पिल्लू येतं. पाइपाभोवतीच्या भोकात आधी जाळीचा बोळा कोंबा, मग सिमेंट आणि फुटक्या काचेचा चुरा. साध्या लोखंडी जाळीला इथे दोन पावसाळ्यांत गंज चढतो. स्टेनलेस स्टीलची, सहा मिलिमीटरच्या आतल्या भोकांची जाळी घ्या. कौलांना टेकणाऱ्या आंब्या-फणसाच्या फांद्या छपरापासून मीटरभर तरी मागे छाटा. घराजवळच्या माडाला दोन मीटर उंचीवर हातभर रुंद पत्र्याचा पट्टा गुंडाळला की उंदीर वर चढू शकत नाही. घुशीसाठी जोत्यालगत फूटभर खोल जाळी गाडावी आणि तिचा तळ बाहेरच्या बाजूला वळवावा. खणता खणता ती जाळीवर आली की सोडून देते.

सापळ्याला तोंड भिंतीकडे आणि आमिष भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकट. सुक्या बोंबलाचं डोकं त्याहून सरस. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन दिवस सापळा न ताणता नुसतं आमिष ठेवा, खाऊ द्या, चौथ्या रात्री ताणा. एक सापळा लावून वाट बघण्यापेक्षा एकाच रात्री पाच-सहा लावा. हात मोज्यात. मेलेला उंदीर आणि लेंड्या झाडूने कोरड्या झाडायच्या नाहीत. आधी ब्लिचिंगचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबायचं.

विषाचं म्हणाल तर ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्क्याच्या मेणाच्या वड्या, झाकणाच्या पेटीत, घराबाहेर. पावसाळ्यात सुटे दाणे कुजतात, वडी टिकते. उंदीर तीन ते पाच दिवसांनी मरतो, त्यामुळे माळ्यावर ठेवली तर तो कौलांच्या फटीत मरेल आणि आठवडाभर घरात बसवणार नाही. चुकून कोणी खाल्ली तर या विषाला व्हिटॅमिन के हा उतारा आहे. ट्यूबमध्ये मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाला उतारा नाही. ती ट्यूब घरात आणूच नका. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकण्याची टूम तर जीवघेणीच. ओलीने त्यातून निघणारा वायू चिऱ्याच्या भिंतीतून झोपायच्या खोलीत येऊ शकतो.

उंदीर कमी झाले की सापही कमी फिरकतात. दगडी गडग्याची ढासळलेली बाजू बांधून घ्या, पातेरा (वाळका पाला) भिंतीपासून लांब ठेवा. साप घरात आलाच तर दार लावून सर्पमित्राला बोलवा, आणि कार्बोलिक ॲसिड वगैरे शिंपडू नका, त्याने साप अडत नाही. (वाशिष्ठीतल्या मगरींची चौकशी नवे लोक हमखास करतात. ते खातं वन विभागाचं.)

डास

वाशिष्ठीला बोल लावू नका. वाहत्या नदीत डेंग्यूचा डास वाढत नाही. तो तुमच्या परसात वाढतो. अंड्यापासून डासापर्यंत त्याला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला की साखळी तुटते. बादल्या, पिंप, टाकी रिकामी करून आतल्या कडा घासायच्या, नुसतं पाणी ओतून द्यायचं नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि सुकी असतानाही काही महिने तग धरतात.

कोकणातल्या घरात पाहायच्या जागा: नारळाच्या करवंट्या आणि सोडणं, सुपारीच्या गळून पडलेल्या विऱ्या (झावळ्यांचे खोलगट बुडखे), लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या वळ्या, गळक्या कौलाखाली ठेवलेलं भांडं, फ्रिजमागचा ट्रे, पन्हळीत अडकलेला पाला. ताडपत्री ताणून उतारावर बांधा. विहिरीत आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारा. सेप्टिक टाकीच्या उभ्या पाइपाला वर नायलॉनची जाळी बांधा. रात्री चावणाऱ्या डासांचा मोठा कारखाना तिथे असतो आणि तिकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

गल्लीत धुराची गाडी आली की समाधान वाटतं, पण तो धूर उडते डास मारतो. करवंटीतल्या अळ्या तशाच राहतात.

आगोटीचं धान्य आणि कपाट

तांदूळ, डाळी भरायच्या आधी पातळ पसरून उन्हात तापवा. डाळींना दोन दिवस, तांदळाला सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली, नाहीतर दाणा तडकतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, कारण गरम भरलं की झाकणाखाली घाम धरतो आणि त्या ओलीवर सोंडे वाढतात. डबे गच्च झाकणाचे, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर. थोडं धान्य असेल तर फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवून मग डब्यात भरा, अंडीही मरतात. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला हवा, ओलसर पाला उलट बुरशी आणतो. पाऱ्याच्या टिकड्या धान्यात घालण्याचा प्रघात बंद केलेला बरा.

कपडे आणि पुस्तकांतली कसर ओलीवरच जगते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, उघडीप मिळेल त्या दिवशी दारं सताड उघडी ठेवा. तान्ह्या मुलाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या नकोत. काही मुलांत त्यांच्या वासाने रक्तपेशी फुटून कावीळ होते.

ढेकूण झाले तर गादीला काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मे महिन्याचं ऊन, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी, आणि भंगारातली लाकडी खाट घरात न आणणं. मोठ्या उपद्रवाला जाणकारच लागतो.

पाणी घरात येऊन गेलं तर

वीज जोडणी तपासल्याशिवाय चालू करायची नाही, आणि सामान हाताने उचलण्याआधी काठीने हलवायचं. खाली साप, विंचू, गोम असतात. गमबूट आणि मोजे घालून गाळ ओला असतानाच बाहेर काढा. सुकला की फरशीला धरतो. जोत्याला बाहेरून लागलेला गाळ विसरू नका: जमिनीत वाळवीचं औषध केलेलं असलं, तरी वर साचलेल्या नव्या गाळातून वाळवीला बिनऔषधी रस्ता मिळतो. तो जुन्या जमिनीपर्यंत खरवडून काढा.

धुऊन झाल्यावर लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, दहा मिनिटं फरशीवर, मग पाणी. पावडर दमट हवेत लवकर निकामी होते. पिशवी फोडल्यावर डोळ्यांत झोंबणारा वास आला नाही तर ती टाकून द्या. संडास धुण्याचं ॲसिड तिच्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो. भिजलेल्या कापसाच्या गाद्या वाचवायचा मोह आवरा. लाकडी सामान सावलीत, वाऱ्यावर सुकवा, आणि गिलावा किंवा रंगाचं काम भिंत पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे बहुधा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, काढू नका.

औषध घरात असेल तर

प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरात लाल आणि पिवळा त्रिकोण येऊ देऊ नका. सुटं, लेबल नसलेलं, थंड पेयाच्या बाटलीत भरून दिलेलं औषध कितीही स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही. कोणाच्या पोटात गेलं तर उलटी करवायच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करा आणि डबा लेबलासकट दवाखान्यात न्या.

पेस्ट कंट्रोलवाल्याकडून कृषी विभागाचा परवाना, औषधाचं नाव आणि टक्केवारी, किती भोकं, किती लिटर, आणि पुन्हा कधी येणार हे कागदावर घ्या. घर भाड्याचं असेल तर वाळवीचा खर्च कोणाचा हे करारातच लिहून घ्या. चौकट पोकळ झाल्यावर त्यावर वाद घालणं अवघड जातं.